ॲडिरॉन्डॅकमधील वनशिबिरे

‘कॅम्प’ हा शब्द भारतीय भाषांत रुळून बराच काळ लोटला आहे. आपल्याकडे तो उच्चारताच लष्कराची छावणी, शाळकरी मुलांचे बालवीर-शिबिर किंवा फिरतीवर निघालेल्या अधिकाऱ्याचा तंबू डोळ्यांसमोर येतो. या तिन्हींत एक गोष्ट समान आहे : कॅम्प आज पडतो आणि उद्या उठतो. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक नावाच्या डोंगराळ अरण्यप्रदेशात मात्र या शब्दाला फार विस्तृत अर्थ प्राप्त झाला. चार डहाळ्या आडव्या टाकून झाडाच्या सालीने शाकारलेला एका रात्रीचा आडोसा हाही तेथे कॅम्प. आणि दोन डझनांहून अधिक इमारतींचा, स्वतःची लोहारशाळा नि तबेला असलेला कोट्यधीशाचा ग्रीष्मनिवास हाही कॅम्पच. धनिकांनी हा शब्द विनयाने वापरला की थट्टेने, हे सांगणे कठीण आहे. परंतु त्यामागे एक दावा निश्चित होता. शहरातील डामडौल मागे टाकून आपण येथे साधेपणाने राहण्यास आलो आहोत, असा तो दावा होय. त्याची पारख करावयाची, तर या शिबिरांची बांधणी, त्यांचा दैनंदिन कारभार आणि पुढे त्यांच्यावर ओढवलेले संकट या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

न्यूयॉर्क म्हटले की गगनचुंबी इमारतींचे शहर आठवते. पण त्याच नावाच्या राज्याचा उत्तरेकडील मोठा भाग आजही वनाच्छादित आहे. ॲडिरॉन्डॅक उद्यानाच्या सीमारेषेत सुमारे ६० लाख एकर भूमी येते. त्यात सरकारी अरण्यही आहे आणि खाजगी मालकीची जमीन, गावे, शेतेही आहेत. मार्सी हे येथील सर्वोच्च शिखर ५,३४४ फूट उंच आहे. हिमालयाशी परिचित असलेल्या वाचकास ही उंची फारशी वाटणार नाही. या प्रदेशाचे वैशिष्ट्य उंचीत नसून पाण्यात आहे. डोंगरांच्या कुशीत हजारो लहानमोठी सरोवरे पसरली असून ती नद्यानाल्यांनी एकमेकांस जोडलेली आहेत. रस्ते नव्हते तेव्हा होडी हेच येथील वाहन होते. हिवाळा दीर्घ आणि अत्यंत कडक. वसंत सरतो न सरतो तोच चावऱ्या काळ्या माश्यांचे थवे उठतात आणि जूनअखेरपर्यंत माणसाला नकोसे करतात. सुखाने राहता येईल असे वर्षातून जेमतेम तीन-साडेतीन महिने.

अशा ठिकाणी हौसेने राहावयास जाण्याची कल्पना प्रथम रुजवली ती चित्रकारांनी आणि विचारवंतांनी. १८५८ च्या ऑगस्टमध्ये चित्रकार विल्यम जेम्स स्टिलमन याने फॉलेन्सबी तळ्याकाठी एक शिबिर भरवले. त्यात तत्त्वचिंतक राल्फ वाल्डो एमर्सन, जीवशास्त्रज्ञ लुई अगासी, कवी जेम्स रसेल लोवेल अशी बॉस्टन परिसरातील थोर मंडळी सहभागी झाली होती. पुढे ते ‘तत्त्वज्ञांचे शिबिर’ म्हणून प्रसिद्धीस आले. विद्वान मंडळी सालीच्या छपराखाली झोपली, त्यांनी मासे पकडले, नेमबाजी केली. अमेरिका आणि युरोप यांना जोडणारी पहिली तार अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकली गेल्याची वार्ता त्यांना अरण्यात असतानाच कळली, आणि यंत्रयुगापासून दूर आलेल्या त्या मंडळींनी यंत्रयुगाच्या त्या विजयाचे मनापासून स्वागत केले. (ती तार काही आठवड्यांतच निकामी झाली, ही गोष्ट वेगळी.) एमर्सनने या शिबिरावर एक दीर्घ कविता लिहिली आहे. तीत पाहुण्यांची संख्या दहा दिली आहे आणि वाटाड्यांचीही दहाच. म्हणजे प्रत्येक विचारवंतामागे होडी वल्हवणारा, लाकडे फोडणारा आणि जेवण रांधणारा एक माणूस होता. साधेपणाच्या या प्रयोगात निम्मी वस्ती राबणाऱ्यांची होती, ही बाब एमर्सनच्या कवितेत नोंदली गेली. नंतरच्या अनेक वर्णनांतून ती गळून पडली.

एमर्सनचा तरुण स्नेही हेन्री डेव्हिड थोरो या शिबिरास गेला नव्हता. त्याने आपला प्रयोग त्याआधीच, १८४५ ते १८४७ या काळात, मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्डन तळ्याकाठी एमर्सनच्याच जमिनीवर झोपडी बांधून केला होता. भारतीय वाचकास थोरो परिचित आहे तो त्याच्या भगवद्गीतेवरील प्रेमामुळे आणि सविनय कायदेभंगाच्या विचारामुळे. येथे त्याच्या हिशेबीपणाचा उल्लेख करावयाचा आहे. झोपडीस २८ डॉलर साडेबारा सेंट खर्च आला, हे त्याने खिळ्या-चुन्यासकट मांडून दाखवले. त्याच हिशेबात तो प्रामाणिकपणे असेही सांगतो, की कपडे धुण्याचे व रफू करण्याचे काम बहुतांशी घराबाहेर होत असे आणि त्याचे बिल अद्याप आलेले नाही. टीकाकार या वाक्यावरून त्याची थट्टा करीत आले आहेत. ती थट्टा अन्यायाची आहे. साधे राहणाऱ्या किती जणांनी आपल्या धोब्याच्या बिलाची नोंद ठेवली आहे?

तत्त्वज्ञांमागोमाग सामान्य प्रवासी आले. विल्यम हेन्री हॅरिसन मरे या बॉस्टनच्या धर्मोपदेशकाने १८६९ मध्ये ॲडिरॉन्डॅकवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. अरण्यातील मुक्कामाने शरीर व मन कसे ताजेतवाने होते, याचे त्यात रसाळ वर्णन होते; शिवाय कोणत्या गाडीने यावे, बरोबर काय घ्यावे, वाटाड्यास किती द्यावे, असा व्यवहारी सल्लाही होता. त्याच उन्हाळ्यात शहरी लोकांची एवढी रीघ लागली, की मोजक्या खाणावळींत पाय ठेवावयास जागा उरली नाही. त्यातून तो उन्हाळा पावसाळी निघाला. भिजलेल्या, माश्यांनी फोडून काढलेल्या या पाहुण्यांना वर्तमानपत्रांनी ‘मरेचे मूर्ख’ असे नाव ठेवले. तथापि ओघ थांबला नाही. १८७१ मध्ये नॉर्थ क्रीकपर्यंत आगगाडी आली. क्षयरोग्यांना येथील हवा मानवते अशी ख्याती झाली आणि १८८४ मध्ये डॉ. ट्रूडो यांनी सॅरनॅक लेक येथे आरोग्यधाम सुरू केले.

या सर्वांना ज्याने अरण्यात राहावयास शिकवले, तो स्थानिक वाटाड्या. होडी त्याच्या मालकीची असे. ही होडी सुमारे सोळा फूट लांब, पातळ फळ्यांची, आणि तीस-पस्तीस किलोंहून अधिक वजन नसलेली; कारण एक सरोवर संपून दुसरे सुरू होईपर्यंतची वाट ती खांद्यावर घेऊन तुडवावी लागे. मानेवर बसणारे लाकडी जू लावून वाटाड्या होडी डोक्यावर पालथी घेई आणि झपाझप चालू लागे. मुक्कामाच्या जागी तो तीन बाजूंनी बंद व चौथ्या बाजूने उघडे असे उतरत्या छपराचे खोपटे उभारी. उघड्या बाजूसमोर ओंडक्यांची शेकोटी पेटवली, की छपरावर आदळून परतणारी ऊब निजलेल्यांना पोहोचत असे. खाली फर वृक्षाच्या कोवळ्या सुवासिक डहाळ्यांचा जाड थर हेच अंथरूण. पुढे धनिकांच्या शिबिरांत ज्या शैलीचा बोलबाला झाला, तिचे मूळ या खोपटात आहे. जवळ असेल तेच साहित्य वापरावे, त्याचे रूप फारसे बदलू नये, आणि घराचे तोंड पाण्याकडे ठेवावे, हे वाटाड्याचे नियम होते. त्याला ती शैली वाटत नव्हती; त्याच्याकडे दुसरे साहित्यच नव्हते.

या गरजेची शैली बनवणारा माणूस म्हणजे विल्यम वेस्ट डुरंट. त्याचा बाप टॉमस डुरंट हा अमेरिका खंड ओलांडणाऱ्या पहिल्या लोहमार्गाच्या उभारणीतील एक प्रमुख आणि बराच वादग्रस्त पुरुष. ॲडिरॉन्डॅकमध्ये त्याने अफाट जमीन मिळवली होती. युरोपात वाढलेल्या मुलाने ती जमीन विकसित करण्याचे काम हाती घेतले आणि १८७७ च्या सुमारास रॅकेट सरोवराच्या काठी ‘पाइन नॉट’ हे शिबिर उभारावयास आरंभ केला. ओंडक्यांच्या अमेरिकन झोपडीला त्याने स्वित्झर्लंडमधील डोंगरी घरांचे रुंद, पुढे झुकलेले छप्पर जोडले. भिंतींवर बर्च वृक्षाची पांढरी साल चढवली. कठड्यांना, खुर्च्यांना, जिन्यांना वेड्यावाकड्या फांद्या जशाच्या तशा वापरल्या.

हे बांधकाम वाटते तितके ओबडधोबड नव्हते. सालीसकट ओंडका हवा असेल, तर झाड थंडीत तोडावे लागते. त्या वेळी झाडात रस खेळत नसल्याने साल खोडाला घट्ट चिकटून राहते. याउलट भिंतीला लावण्यासाठी सालीचे सलग तक्ते हवे असतील, तर ते उन्हाळ्याच्या आरंभी, रस चढलेला असताना सोलावे लागतात. म्हणजे एकाच भिंतीच्या साहित्यासाठी दोन ऋतू थांबणे आले. लाकूड जमिनीला टेकले, की ओलीने कुजते. म्हणून पाया दगडाचा. हिमाचा भार पेलावा आणि वितळलेले पाणी भिंतींपासून दूर पडावे, म्हणून छपराच्या वळचणी रुंद. आगीचे भय सर्वांत मोठे; म्हणून स्वयंपाकघर, भोजनगृह, शयनगृहे, धोबीघर यांच्या इमारती वेगवेगळ्या. एक पेटली तरी बाकीच्या वाचाव्यात, हा हेतू. पाहुण्यांचे पाय चिखलाने भरू नयेत, म्हणून या विखुरलेल्या इमारती लाकडी पदपथांनी, कधी छप्पर घातलेल्या ओसरीने जोडल्या जात. न्यूकम गावाजवळचे सँटनोनी हे शिबिर याचे उत्तम उदाहरण होय. १८९२-९३ मध्ये रॉबर्ट प्रुइन या ऑल्बनीच्या बँकरसाठी ते बांधले गेले. मुख्य दिवाणखाना, भोजनगृह आणि शयनगृहे येथे स्वतंत्र असूनही एकाच विशाल छपराच्या ओसरीखाली येतात. प्रुइनचा पिता लिंकनच्या कारकीर्दीत जपानमध्ये अमेरिकेचा राजदूत होता आणि पुत्रही त्याच्यासोबत तेथे राहिला होता. सँटनोनीच्या रचनेवर जपानी वास्तुकलेची छाया आहे, असे जाणकार मानतात ते यामुळे.

डुरंटची सर्वांत ख्यातनाम निर्मिती म्हणजे १८९७ मध्ये पूर्ण झालेले ‘सागामोर’. याच नावाच्या सरोवराच्या काठी ते उभे आहे. डुरंटला मात्र ते फार काळ लाभले नाही. खर्चाचा ताळमेळ त्याला कधी जमला नाही. सख्ख्या बहिणीने वारसाहक्काबद्दल त्याच्यावर दावा लावून तो जिंकला. १९०१ मध्ये त्याने सागामोर आल्फ्रेड ग्विन व्हँडरबिल्ट या अतिश्रीमंत घराण्यातील तरुणास विकले. नव्या मालकाने तेथे वाहते गरम पाणी आणले, जलविद्युत् निर्माण करण्याची सोय केली आणि उघड्यावर छप्पर घालून चेंडूफळीसारख्या ‘बोलिंग’ खेळाची मार्गिका बांधवली. बाहेरून मात्र सर्व काही साल, ओंडके आणि धोंडे. व्हँडरबिल्ट १९१५ मध्ये ‘लुसिटानिया’ जहाजाबरोबर बुडाला. डोकेदुखीवरील एका लोकप्रिय औषधाच्या कारखानदाराची कन्या असलेली त्याची पत्नी मार्गारेट हिने त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे हे शिबिर चालवले.

असे शिबिर चालविणे म्हणजे एक लहानसे गावच चालविणे होते. सागामोरचे दोन भाग आहेत. सरोवराकाठी पाहुण्यांचा भाग. आणि तेथून थोड्या अंतरावर, झाडीआड, पाहुण्यांच्या दृष्टीस पडणार नाही असा कामकऱ्यांचा भाग. तेथे तबेला, गाड्यांची पागा, लोहारशाळा, सुतारशाळा आणि राबणाऱ्यांची निवासस्थाने होती. दाराच्या बिजागऱ्या, शेकोटीचे लोखंडी चिमटे, फांद्यांच्या खुर्च्या बाहेरून मागवणे दुरापास्त असल्याने ते तेथेच घडवावे लागे. पाहुणे उन्हाळ्यात काही आठवडे येत. कामकरी वर्षभर राहत, आणि उन्हाळ्यातील त्या आठवड्यांची पूर्वतयारी भर हिवाळ्यात होई.

बर्फाचेच उदाहरण घ्यावे. जानेवारी-फेब्रुवारीत सरोवर पुरेसे जाड गोठले, की त्यावरील भुसभुशीत हिम खरडून काढीत, घोड्याने ओढावयाच्या नांगरासारख्या अवजाराने चौकोन आखीत, मग लांब दात्यांच्या करवतीने लाद्या कापीत. एकेक लादी माणसापेक्षा जड. त्या ओढत काठावर आणून दुहेरी भिंतींच्या बर्फघरात रचल्या जात आणि लाद्यांभोवती लाकडाचा भुसा दाबून भरला जाई. असा बर्फ ऑगस्टच्या उन्हातही टिकत असे. हे तंत्र भारतालाही अपरिचित नव्हते. १८३३ मध्ये बॉस्टनहून निघालेले पहिले बर्फवाहू जहाज विषुववृत्त ओलांडून कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यातील लाद्या अशाच जपून आणलेल्या होत्या. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावरील जुने ‘आइस हाउस’ हे या व्यापाराचे स्मारक असून, स्वामी विवेकानंद १८९७ मध्ये तेथे राहिल्यामुळे आज ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. थोरोनेही वॉल्डन तळ्यावरील बर्फाची कापणी पाहिली होती आणि त्या तळ्याचे पाणी भारतातील तहानलेल्यांपर्यंत जाते, या कल्पनेत तो रमला होता. बर्फ कापणाऱ्यांच्या गोठलेल्या बोटांचा अनुभव अर्थातच निराळा असणार.

बर्फासारखेच सरपण. मेपल, बीच, पिवळा बर्च ही कठीण लाकडे चांगली जळतात व निखारा धरतात. पण ओली असतील तर धूर कोंडतो आणि धुराड्यात काजळीचा राळेसारखा थर जमून ते पेटण्याचा धोका उद्भवतो. म्हणून या वर्षीचे सरपण गेल्या वर्षी फोडून, रचून, वारा खाऊ दिलेले असावे लागते. पाहुणा संध्याकाळी शेकोटीपुढे बसून अरण्यातील निवांतपणाचा आस्वाद घेई. तो निवांतपणा कोणीतरी वर्षभर आधी कुऱ्हाडीने फोडून ठेवलेला असे.

पहिल्या महायुद्धानंतर ही व्यवस्था ढासळू लागली. १९१३ मध्ये अमेरिकेत कायमस्वरूपी आयकर आला, मोटारीमुळे उन्हाळाभर एकाच ठिकाणी राहण्याची चाल मागे पडली, आणि १९२९ च्या मंदीने अनेक संपत्ती धुऊन नेल्या. काही शिबिरे संस्थांकडे गेली. पाइन नॉट १९४० नंतरच्या दशकात कॉर्टलंड येथील शिक्षक महाविद्यालयाकडे आले आणि तेथे विद्यार्थ्यांना अरण्यातील जीवनाचे शिक्षण देणे सुरू झाले. १९२६ च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष कूलिज जेथे राहिले होते, ते ‘व्हाइट पाइन कॅम्प’ही पुढे एका महाविद्यालयाच्या ताब्यात गेले. मार्गारेटने १९५४ मध्ये सागामोर सिरॅक्यूज विद्यापीठास दिले.

परंतु खरा पेच निर्माण झाला तो एका चांगल्या कायद्यामुळे. एकोणिसाव्या शतकात लाकूडतोड्या कंपन्यांनी डोंगरच्या डोंगर उघडे केले, तेव्हा न्यूयॉर्क राज्याने १८८५ मध्ये संरक्षित अरण्य निर्माण केले आणि १८९४ मध्ये त्याला थेट राज्यघटनेचे संरक्षण दिले. सरकारी मालकीची ही वनभूमी सदैव वन्य स्थितीत राखली जाईल. ती विकता, भाड्याने देता वा तिच्यावरील झाडे तोडता येणार नाहीत, असा त्या कलमाचा आशय आहे. अरण्याचे एवढे कडक संरक्षण जगात क्वचितच आढळते. मात्र त्यातून एक अनपेक्षित परिणाम निघाला. एखादे जुने शिबिर राज्याने जमिनीसह विकत घेतले, की ती जमीन ‘सदैव वन्य’ होते, आणि वन्य भूमीवर इमारतीस स्थान नसते. ती पाडावी तरी लागते किंवा कुजू द्यावी लागते. १९७९ मध्ये राज्याकडे आलेले नेहासेनी येथील भव्य शिबिर याच न्यायाने पुढे नष्ट करण्यात आले. सँटनोनी १९७२ मध्ये राज्याच्या मालकीचे झाले आणि जवळजवळ दोन दशके त्याच्या छपरांतून पाणी गळत राहिले.

सागामोरची पाळी १९७५ मध्ये आली. विद्यापीठाला ते विकावयाचे होते. राज्याला वनभूमी हवी होती, इमारती नको होत्या. तेव्हा अशी तडजोड निघाली, की सरोवराकाठच्या इमारती व त्यांखालील काही एकर जमीन एका वारसा-संरक्षण संस्थेमार्फत ना-नफा तत्त्वावरील शैक्षणिक संस्थेकडे जावी आणि उरलेली सर्व भूमी राज्याने घ्यावी. सर्वांना ही तोड समाधानकारक वाटली असावी, कारण शिबिर म्हणून ज्याची छायाचित्रे काढली जात, तो सुंदर भाग त्यामुळे वाचला. झाडीआडचा कामकऱ्यांचा भाग मात्र राज्याच्या वाट्यास गेला. तबेला, लोहारशाळा, सुतारशाळा, सगळे आता ‘सदैव वन्य’ भूमीवर आले, आणि त्यांचे भवितव्य ठरल्यासारखे झाले.

म्हणजे पाहुण्यांचे घर राहणार आणि ते चालविणाऱ्यांचे पुसले जाणार होते. सागामोरच्या नव्या चालकांना हे मान्य झाले नाही. त्यांचा युक्तिवाद असा, की ज्या भागात शिबिर घडले आणि जेथून ते चालले तोच भाग गेला, तर उरलेल्या भागाचा अर्थ खोटा ठरतो. मार्ग एकच होता आणि तो विलक्षण अवघड होता : घटनादुरुस्ती. न्यूयॉर्कमध्ये तीस दोन लागोपाठच्या विधिमंडळांची संमती आणि नंतर सार्वत्रिक मतदान लागते. संस्थेने सुमारे दोनशे एकर अरण्य राज्यास द्यावे आणि बदल्यात कामकऱ्यांच्या इमारतींसह सुमारे दहा एकर जमीन घ्यावी, असा प्रस्ताव होता. १९८३ मध्ये तो राज्यभरातील मतदारांपुढे गेला आणि संमत झाला. ज्यांनी सागामोर कधी पाहिले नव्हते आणि पुढेही पाहण्याचा संभव नव्हता, अशा असंख्य नागरिकांनी एक तबेला आणि एक लोहारशाळा वाचवण्यासाठी राज्यघटनेत बदल करण्यास मत दिले. संरक्षणाच्या इतिहासात राजवाड्यांसाठी असे पुष्कळदा घडले आहे. नोकरांच्या चाळीसाठी क्वचित.

आज सागामोरमध्ये सामान्य पाहुणे पैसे देऊन राहू शकतात. खोल्या जुन्याच, बरीच स्नानगृहे सामायिक, जेवण सर्वांचे एकत्र. सुखसोयींनी भरलेल्या हॉटेलाची सवय असलेल्यास प्रथम अडचण वाटते. पण चालकांपुढचा प्रश्न पाहुण्याच्या अडचणीपेक्षा मोठा आहे. जुने शिबिर जुनेच ठेवून आजच्या नियमांत आणि आजच्या खर्चात कसे चालवावे? पिण्याचे पाणी तपासून घ्यावे लागते. सरोवराकाठी सांडपाण्याची व्यवस्था काटेकोर नियमांनी बांधलेली असते. सालीच्या भिंती आणि कोरडे लाकूड यांमुळे आगीचे भय पूर्वीइतकेच आहे. धुराडी दरवर्षी साफ करावी लागतात. सर्वांत खालचा ओंडका आधी कुजतो, आणि तो बदलावयाचा तर वरची भिंत उचलून धरावी लागते. साळिंदरांना लाकडावर साचलेल्या माणसाच्या घामाच्या खारटपणाची आवड असते. ते कुऱ्हाडीचे दांडे, पायऱ्या, होडीची वल्ही कुरतडतात. सालीचे तक्ते काही दशकांनी बदलावे लागतात, आणि ते योग्य ऋतूत, न फाडता सोलणारे हात आता थोडे उरले आहेत. अशा ठिकाणी कारागिरीचे वर्ग चालतात ते हौसेसाठी खरे, पण छप्पर गळू नये यासाठीही ते उपयोगी पडतात.

काही बाबतींत जुने अनुकरण करणे योग्यही नाही. फरच्या डहाळ्यांचे अंथरूण आज कोणी करू लागला, तर दहा-बारा मुक्कामांत तळ्याचा काठ बोडका होईल. सरकारी अरण्यात तर जिवंत झाड तोडण्यास बंदीच आहे. जुन्या काळचा साधेपणा पुष्कळ झाडे आणि थोडी माणसे यांवर उभा होता, ही गोष्ट जुन्या धाटणीची शिबिरे नव्याने काढू पाहणारे सहसा ध्यानात घेत नाहीत. फांद्यांच्या खुर्च्या, रॉकेलचे कंदील आणि धोंड्यांची शेकोटी विकत मिळते; त्यांच्या मांडणीला साधे जीवन म्हणणे हा व्हँडरबिल्टच्या गरम पाण्याच्या नळासारखाच प्रकार झाला. पाहुण्याला निदान स्वतःच्या शेकोटीपुरती लाकडे कोठून आली हे कळावे, ताट कोठे धुतले जाते हे दिसावे, एवढे जरी साधले, तरी अशा शिबिराने बरेच केले असे म्हणावे लागेल. सागामोर पाहावयास येणाऱ्यांना सरोवराकाठच्या दिवाणखान्याबरोबर झाडीआडच्या इमारतीही दाखवल्या जातात, याचे महत्त्व यातच आहे.

सँटनोनीने निराळी वाट धरली. १९९० मध्ये स्थापन झालेली प्रादेशिक वारसा संस्था, न्यूकम गाव आणि राज्य यांनी मिळून तेथील इमारती सावरण्यास घेतल्या, आणि कालांतराने राज्याने ती जागा ऐतिहासिक क्षेत्र म्हणून वेगळी काढून घटनेचा पेच सोडवला. मध्यंतरी, २००४ मध्ये, शेतीच्या भागातील मोठे गोठाघर आगीत भस्मसात झाले. मुख्य शिबिर प्रवेशद्वारापासून सुमारे पाच मैल आत आहे आणि मोटारींना तेथे प्रवेश नाही. पायी, सायकलने, घोडागाडीने, किंवा हिवाळ्यात पायांना स्की बांधून जावे लागते. वीज नाही, मुक्कामास खोली नाही. राहावयाचे तर जवळपासच्या नेमलेल्या जागी स्वतःचा तंबू ठोकावा. खाणे आपले आपण वाहून न्यावे आणि कचरा आपला आपण परत आणावा. उन्हाळ्यात सुतार ओसरीचे कुजलेले खांब बदलताना दिसतात, आणि येणारे जाणारे थांबून ते काम पाहतात.

ऑक्टोबरात पाने झडली, की बहुतेक शिबिरांतील पाहुणे परततात. मग नळांतील पाण्याचा थेंबन्‌थेंब काढून टाकावा लागतो. एखाद्या वाकणात पाणी राहिले, तर ते गोठून फुगते आणि नळ फुटतो. खिडक्यांवर झडपा बसवल्या जातात, गाद्या उंदरांपासून दूर टांगल्या जातात, होड्या पालथ्या घालून कोठारात ठेवल्या जातात. शिबिरात मागे राहतो तो रखवालदार. मोठे हिम पडले, की तो फावडे घेऊन एकेका छपरावर चढतो आणि ते खाली लोटतो; मुख्य दिवाणखान्याच्या छपरापासून सुरुवात करून सरपणाच्या खोपटापर्यंत जाईतो पहिल्या छपरावर पुन्हा हिम साचू लागलेले असते.